मुलांसाठी लिहिताय? लिटररी एजंट काय बघतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये मी बालकुमार लेखनाच्या कार्यशाळा घेते आणि लोकांची बाडं वाचते. काही मराठीत असतात, काही इंग्रजीत. हल्ली इंग्रजीत लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना आपलं बाड दिल्लीच्या किंवा परदेशातल्या एजंटकडे पाठवायचं असतं. गंगापूर रोडला कार्यशाळा सुटली की जिन्यात थांबून लोक जे विचारतात, तेच रात्री फोनवर पुन्हा विचारतात. म्हणून ती उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

लिटररी एजंट म्हणजे नक्की कोण?

लेखक आणि प्रकाशक यांच्यामधला माणूस. तो तुमचं बाड वाचतो, पटलं तर दुरुस्त्या सुचवतो, योग्य प्रकाशकाकडे नेतो, करारातली कलमं तपासतो आणि भाषांतराचे, चित्रपटाचे हक्क विकतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बहुतेक मोठे प्रकाशक एजंटशिवाय आलेलं बाड उघडतही नाहीत. भारतात इंग्रजीसाठी मोजके एजंट आहेत: जयपूरची सियाही, दिल्लीची रेड इंक, रायटर्स साइड. प्रत्येकाचे नियम वेगळे असतात आणि बदलतात, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन ते स्वतः वाचा.

मराठीत एजंट आहेत का?

मराठीत ही पद्धतच रुजलेली नाही. लेखक थेट संपादकाला किंवा प्रकाशकाला बाड पाठवतो. दुरुस्त्या सुचवणं, करार वाचणं, योग्य प्रकाशक शोधणं ही एजंटची कामं मराठी लेखकाला स्वतःच करावी लागतात.

मग मराठीत लिहिणाऱ्याने हे सगळं का वाचावं?

कारण एजंट ज्या नजरेने पहिली पाच पानं वाचतो, त्याच नजरेने मराठी मासिकाचा संपादक वाचतो. फरक एवढाच, की एजंट आपल्याला काय हवं ते लिहून ठेवतात आणि आपल्याकडे ते सहसा कुणी सांगत नाही. बाड 'साभार परत' येतं आणि कशामुळे परत आलं हे लेखकाला कधीच कळत नाही. मला ही गोष्ट फार लागते. चांगली लिहिणारी माणसं दोनदा साभार परत आल्यावर लिहायची थांबलेली मी पाहिली आहेत.

एजंट सगळ्यात आधी काय बघतो?

आवाज. गोष्ट कोण सांगतंय हे पहिल्या दोन परिच्छेदांत कानाला कळलं पाहिजे.

माझ्याकडे येणारी बरीचशी बाडं अशी सुरू होतात: 'पहाट झाली होती. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. पाखरं किलबिलत होती. छोटा राजू डोळे चोळत उठला.' वाक्यं शुद्ध आहेत, वाईट एकही नाही. पण राजू बारा वर्षांचा आहे, आणि बारा वर्षांचा मुलगा तांबडं फुटताना बघत बसत नाही. आज पी.टी.चा तास गणिताच्या सरांनी घेतला तर काय, ही त्याची काळजी असते. तांबडं लेखकाला दिसलंय, राजूला नाही.

आता दुसरं उदाहरण. एका कार्यशाळेत निफाडकडच्या एक ताई आल्या होत्या, घरची द्राक्षबाग. त्यांनी गारपिटीवर गोष्ट लिहून आणली होती. पहिल्या पानावर किती एकर गेलं, कर्ज किती होतं, बाबांच्या डोळ्यांत पाणी कसं आलं, हे सगळं होतं. मी त्यांना एवढंच विचारलं, "ताई, त्या दिवशी तुमचा मुलगा कुठे होता?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अंगणात. सासऱ्यांजवळ." जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी हे वाचून दाखवलं:

'गारा थांबल्या तेव्हा आजोबा पातेलं घेऊन अंगणात बसले होते. एकेक गार उचलून पातेल्यात टाकत होते. मी विचारलं, खायच्या आहेत का? ते म्हणाले, मोजतोय.'

पुढच्या बाकावरच्या मावशी लगेच म्हणाल्या, "मग? पुढे?" एजंटलाही हेच वाटावं लागतं. या चार ओळींत दुःख हा शब्द नाही, कर्ज नाही, एकर नाहीत. मुलाला वाटतंय आजोबा गारा खाणार आहेत. आजोबांचं काय चाललंय ते वाचणाऱ्याला कळतंय, मुलाला अजून कळायचंय. या दोघांच्या मधल्या अंतरात पुढची सगळी गोष्ट बसलेली आहे.

आणि आवाजानंतर?

गोष्टीत मूल स्वतः काय करतं ते. या ठिकाणी सर्वांत जास्त बाडं अडतात.

आपल्याकडे मोठी माणसं गोष्टीत फार लवकर येतात. मुलगा अडचणीत सापडला की आजोबा येतात, मुख्याध्यापक येतात, ओळखीचे पोलीस काका येतात आणि सोडवून नेतात. मुलगा शेवटी 'मला माझी चूक कळली' म्हणतो. वाचणाऱ्या मुलाला ही फसवणूक वाटते, आणि त्याचं खरं आहे. दोनशे पानं तो ज्याच्यामागे पळाला, त्याने शेवटी काहीच केलं नाही.

मी एक साधी तपासणी सांगते. लाल पेन घ्या आणि तुमच्या नायकाच्या किंवा नायिकेच्या नावापुढची क्रियापदं अधोरेखित करत जा. 'बघितलं, ऐकलं, वाटलं, रडली, समजलं' एवढीच निघाली तर ती पुस्तकभर नुसती बसून आहे. 'लपवलं, खोटं सांगितलं, उडी मारली, परत गेली, माफी मागितली' अशी निघायला हवीत. चुकीची का असेना, पण कृती तिची हवी. मोठ्यांना गोष्टीतून हाकलायची गरज नाही. त्यांना कामाला पाठवा, आजारी पाडा, पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊ द्या. शेवटचा निर्णय मात्र मुलाच्या हातून व्हायला हवा. आणि शेवटी बोध सांगत बसू नका.

तिसरी गोष्ट एजंटच्या धंद्याची आहे. त्याला हे पुस्तक संपादकाला पटवायचं असतं आणि संपादकाला ते विक्रीच्या माणसांना पटवायचं असतं. त्यामुळे मुलाला काय हवंय, आड काय येतंय आणि नाही मिळालं तर काय हातचं जाईल, हे एका श्वासात सांगता येईल अशी कथा त्याला सोपी जाते.

वयोगट आणि शब्दसंख्या यांचं एवढं काय?

फार आहे, कारण इंग्रजीत दुकानातला कप्पाच वयावर ठरतो. चित्रपुस्तक साधारण तीन ते सात वर्षांसाठी; बहुधा ३२ पानांचं आणि मजकूर हजार शब्दांच्या आत, पुष्कळदा पाचशेच्याही आत. स्वतः वाचायला लागलेल्या मुलांच्या छोट्या प्रकरणांच्या पुस्तकांना पाच ते पंधरा हजार शब्द. ८ ते १२ वयोगटाच्या कादंबरीला तीस ते पन्नास हजार, अद्भुतकथा असेल तर थोडे जास्त. त्याच्यावरच्या कुमारांसाठी पन्नास ते ऐंशी हजार. आठ वर्षांच्या मुलांसाठी एक लाख शब्द असं पत्रात दिसलं, तर तुम्ही त्या वयाची पुस्तकं वाचलेली नाहीत हे एजंटला वाचायच्या आधीच कळतं.

मुलं स्वतःपेक्षा थोड्या मोठ्या मुलांबद्दल वाचतात. दहा वर्षांच्या वाचकासाठी नायिका बारा-तेरा वर्षांची ठेवा.

मराठीत ग्रंथालयाच्या एकाच 'बालसाहित्य' कपाटात चार वर्षांच्या मुलाचं आणि पंधरा वर्षांच्या मुलीचं पुस्तक शेजारी उभं असतं. पंधरा वर्षांची मुलगी त्या कपाटाकडे फिरकत नाही. ती मोठ्यांच्या कादंबऱ्यांकडे तरी जाते किंवा इंग्रजीकडे. कुमारांसाठी मराठीत लिहिणाऱ्यांची मला म्हणूनच ओढ आहे. जागा अजून रिकामी आहे.

बोध नको म्हणता, मग संस्कारांचं काय? साने गुरुजींनी काय केलं?

हा प्रश्न निवृत्त शिक्षक हमखास विचारतात आणि तळमळीने विचारतात. त्यामुळे सविस्तर सांगते.

'श्यामची आई' आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. ९ फेब्रुवारी १९३३ ला गुरुजींनी ती लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीला पहाटे संपवली. ती पुन्हा काढून वाचा आणि श्याम काय करतो तेवढंच बघा. श्याम घाबरतो. विहिरीत पोहायला जायचं म्हणून लपून बसतो, मार खातो, हट्ट करतो, आईवर रुसतो. तो आदर्श मुलगा नाही, म्हणूनच आईच्या बोलण्याला तिथे वजन येतं. आधी मुलाची भीती खरी होते, त्यानंतर शिकवण येते. आपल्या बाडांमध्ये भीती गळून जाते आणि शिकवण तेवढी उरते.

सातवीतल्या मुलीला 'प्रामाणिक राहावं' हे ठाऊक असतं. प्रामाणिक राहिल्यावर जिवलग मैत्रीण बोलायची बंद होते, तेव्हा काय करायचं, हे तिला ठाऊक नसतं. गोष्ट तिथून सुरू करा. आणि शेवटचा परिच्छेद, ज्यात आजी सगळ्यांना जवळ बसवून सांगते, तो काढून टाका. मी आजवर वाचलेल्या एकाही बाडाचं तो काढल्याने नुकसान झालेलं नाही.

नाशिकची पार्श्वभूमी ठेवली तर दिल्ली-लंडनच्या एजंटला काय कळणार?

ठेवाच. एजंटकडे न्यूयॉर्कच्या शाळेतली गोष्ट लिहिणारे ढिगाने आहेत. तिथे राहिलेली माणसं ती तुमच्यापेक्षा चांगली लिहिणार. जुन्या नाशकातली रंगपंचमी मात्र त्यांना लिहिता यायची नाही.

प्रश्न असतो तो समजावून सांगण्याच्या खोडीचा. एका बाडात वाचलं होतं, 'रहाड म्हणजे पेशवेकाळापासून चालत आलेला दगडी हौद असून रंगपंचमीच्या दिवशी त्यात रंग भरून लोक उड्या मारतात.' ही माहितीपुस्तिका झाली. त्याच गल्लीत वाढलेली मुलगी कसं सांगेल? 'वर्षभर आम्ही रहाडीवर क्रिकेट खेळतो. खाली हौद आहे हे रंगपंचमी आली की आठवतं.' लंडनच्या वाचकाला एवढ्यात सगळं कळलं: जमिनीखाली काहीतरी आहे, ते झाकलेलं असतं, वर्षातून एकदा उघडतं. पुढे पूजा, रंग, धप्पा (रहाडीतली उडी) मारणं हे ती मुलगी करत जाईल तसं कळत जाईल.

द्राक्षांचंही तसंच. 'ऑक्टोबर छाटणी' हा शब्द आला की लगेच थांबून कृषीशास्त्र सांगू नका. छाटणीच्या आठवड्यात घरात काय होतं ते दाखवा: मजुरांचा चहा, कात्र्यांचा आवाज, बाबांची हवामानाच्या बातम्यांवर लागलेली नजर. पूर्वी इंग्रजी प्रकाशक आपले शब्द तिरक्या टाइपात छापत आणि मागे शब्दार्थ देत. हल्ली बऱ्याच संपादकांना ते नको असतं.

एक सावधगिरी. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी मुलांवर शहरातले लेखक खूप लिहितात, आणि हेतू चांगला असतो. पण त्या मुलाला वाचवायला शहरातून कुणीतरी गाडी घेऊन येतं, अशी गोष्ट आता एजंटही बाजूला ठेवतात. तिथे राहा, ऐका, त्या भागातल्या माणसाला वाचायला द्या. शक्य असेल तर त्या मुलांनाच लिहायला बसवा.

कुमारांच्या कादंबरीत प्रेम, जात, मृत्यू, शिव्या चालतात का?

इंग्रजी एजंटला विषयाचं वावडं नसतं. मृत्यू, घटस्फोट, जात, शरीराची लाज, पहिलं आकर्षण, सगळं चालतं, फक्त ते पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतून दिसलं पाहिजे आणि धक्का द्यायला म्हणून आलेलं नसावं. अल्पवयीन पात्रांचं लैंगिक वर्णन कुणीही घेणार नाही.

मराठीत अडचण वेगळी आहे. पुस्तक वाचतं मूल आणि विकत घेतात आई-बाबा, शाळा किंवा ग्रंथालय. प्रकाशकाला या दोघांचा विचार करावा लागतो. त्यामुळे विषय मऊ करू नका, पण पत्रात एका ओळीत सांगा की हे पुस्तक कोणत्या वयासाठी आहे आणि कठीण प्रसंग मुलाला कुठवर नेतो.

एजंटला पाठवायच्या पत्रात काय लिहू?

एक पान. नाव बरोबर लिहा. सगळ्यांना एकच पत्र ढकलून दिलंय हे लगेच ओळखू येतं. मग कथा, तीन-चार वाक्यांत. कार्यशाळेत आम्ही एक नमुना तयार केला होता, तो असा:

'तेरा वर्षांच्या मैनाला यंदा रहाडीत उडी मारायची आहे. आजीचा सक्त विरोध आहे. रंगपंचमीला नऊ दिवस उरलेत, आणि उडी मारायला शिकवू शकेल असा एकच माणूस घरात आहे: काका, जो तीन वर्षं कुणाशी बोललेला नाही.'

यात कोण, काय हवंय, आड कोण येतंय आणि वेळ किती, हे चारही आलं. काका का बोलत नाही हे सांगितलेलं नाही, त्यासाठी एजंट पानं उघडेल. त्यानंतर एक ओळ: कादंबरी पूर्ण आहे, ४२,००० शब्द, ९ ते १२ वयोगट. कादंबरी अर्धवट असताना पत्र पाठवू नका. मग गेल्या तीन-चार वर्षांत आलेली दोन पुस्तकं, ज्यांच्या वाचकांना हे आवडेल. पन्नास वर्षांपूर्वीचं जगप्रसिद्ध पुस्तक लिहिलंत तर तुम्ही आजचं वाचत नाही असा अर्थ निघतो. शेवटी स्वतःबद्दल दोन ओळी. शिक्षक असाल, बालरोगतज्ज्ञ असाल, मुलांच्या मासिकात छापून आलं असेल, तर लिहा. 'माझ्या नातवंडांना फार आवडली' हे लिहू नका. नातवंडांना आजी आवडत असते.

पत्रासोबतच्या कथासारांशात शेवट सांगायचा का?

हो, सांगायचाच. सारांश म्हणजे मलपृष्ठावरची जाहिरात नव्हे. शेवट जमलाय का, हे एजंटला तिथेच तपासायचं असतं.

किती पानं पाठवायची?

ते मागतील तेवढी. अमेरिकेत बहुधा पहिली पाच ते दहा पानं, ब्रिटनमध्ये पहिली तीन प्रकरणं, चित्रपुस्तक असेल तर पूर्ण मजकूर. 'खरी मजा चौथ्या प्रकरणात येते' असं कुणी म्हटलं की मी चौथं प्रकरण पहिलं करायला सांगते.

चित्रपुस्तकासाठी चित्रं काढून घेऊ का? कविता चालेल का?

तुम्ही स्वतः चित्रकार नसाल तर नको. चित्रकार प्रकाशक निवडतो. मजकुरात चित्रासाठी जागा सोडा: मुलगी घाबरली हे चित्रात दिसणार असेल तर शब्दांत कशाला?

यमकाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. परदेशी चित्रपुस्तकं अनेक भाषांत एकदम छापतात. रंगीत चित्रं तीच राहतात आणि फक्त काळ्या शाईतला मजकूर बदलतो. यमक भाषांतरात टिकत नाही, म्हणून अशा पुस्तकाचे हक्क विकणं अवघड जातं आणि एजंट कचरतात. मराठीत मात्र बडबडगीतांची परंपरा जिवंत आहे, इथे बिनधास्त लिहा. फक्त ताल टाळी वाजवून तपासा. कागदावर बरोबर दिसणारी ओळ टाळीत अडखळते.

एजंट पैसे किती घेतो?

लेखकाच्या कमाईतून टक्केवारी. साधारण देशातल्या विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी किंवा भाषांतराच्या हक्कांवर २० टक्के. एक लाख रुपये आगाऊ मानधन ठरलं तर पंधरा हजार त्याचे, पंच्याऐंशी हजार तुमचे. पुस्तक विकलं गेलं नाही तर त्याला काही मिळत नाही. वाचनासाठी शुल्क मागायचं नाही, असा अमेरिका आणि ब्रिटनमधल्या एजंटांच्या संघटनांचा दंडक आहे.

हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण मी स्वतः फसले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःला एजंट म्हणवून माझ्याकडून 'वाचन शुल्क' घेतलं. सहा हजार रुपये, तेव्हा माझ्यासाठी मोठी रक्कम. महिनाभराने एक पानाचा अभिप्राय आला. त्यात माझ्या नायिकेचं नाव नव्हतं, गावाचं नाव नव्हतं, कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येईल असा तो कागद होता. पुढे संपादनासाठी आणखी पैसे मागितले तेव्हा मी थांबले. घरी कुणाला सांगायचीही लाज वाटली. तुम्ही असं काही केलं असेल तर लाजू नका, मात्र पुढचा हप्ता भरू नका.

पैसे भरून पुस्तक काढून घेणं हा वेगळा व्यवहार आहे. तो उघडपणे त्या नावाने होत असेल तर त्यात गैर काही नाही. एजंटच्या नावाखाली तो होऊ नये.

माझी कल्पना चोरली तर?

लिहिलेल्या मजकुरावर तुमचा हक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही, आणि हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं राहतो. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. चोरीच्या भीतीने पत्रात कथाच न सांगणारे लेखक मला भेटतात. असं पत्र एजंट बाजूला ठेवतो.

भीती बाळगायची तर करारात बाळगा. 'सर्व हक्क, सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं की सहीचं पेन खाली ठेवा. हक्क सुपूर्द करताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. पुस्तक स्वतः काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करायचा असतो. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

एकाच वेळी अनेकांना पाठवलं तर चालतं?

इंग्रजी एजंटांना पाच-सहांच्या गटाने पाठवतात, ते त्यांना ठाऊक असतं. मात्र एका संस्थेतल्या एकाच एजंटला पाठवा, आणि कुणी होकार दिला तर बाकीच्यांना लगेच कळवा. मराठी मासिकांना एकच कथा दोन ठिकाणी पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर तुमचं नाव कायमचं खराब होतं.

उत्तर कधी येतं?

सहा ते बारा आठवडे धरून चाला. बऱ्याच एजंट संस्था 'एवढ्या दिवसांत उत्तर आलं नाही तर नकार समजा' असं लिहूनच ठेवतात. मराठीत याहून जास्त वेळ लागू शकतो; तीन महिन्यांनी एक विनम्र ओळ पाठवायला हरकत नाही. फोन करून 'वाचलं का' विचारू नका.

सगळीकडून नकार आला. आता?

नकार कुठल्या टप्प्यावर आला ते बघा. पत्रावरच नकार येत असेल तर पत्र किंवा कथाबीज तपासा. पानं मागवून नंतर नकार येत असेल तर सुरुवात तपासा. पूर्ण बाड वाचून नकार आला आणि त्यात दोन ओळी कारण लिहिलं असेल, तर त्या ओळी जपून ठेवा. एजंट तेवढा वेळ सगळ्यांना देत नाहीत.

आणि मुलांना वाचून दाखवा, पण स्वतःच्या नाही. मी दर शनिवारी आठ-नऊ मुलांना एखादं बाड वाचून दाखवते. हातात पेन्सिल असते. एखादं मूल पंख्याकडे बघायला लागलं, चपलेचा पट्टा ओढायला लागलं, की समासात एक ठिपका देते. मुलं तोंडाने 'छान आहे आजी' म्हणतात, ठिपके खरं सांगतात. एकदा तीन पानांवर एकही ठिपका नव्हता आणि चौथ्या पानावर सात होते. चौथ्या पानावर नायकाचे वडील त्याला पाणीबचतीचं महत्त्व सांगत होते.

मराठीत कुठे पाठवू?

मासिकांपासून सुरुवात करा. बालभारतीचं 'किशोर' नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय. 'छात्र प्रबोधन', 'वयम्', लहानांसाठी 'चिकूपिकू' आहेत. मुलांच्या दिवाळी अंकांसाठी उन्हाळा संपता संपता लेखन पोचलं पाहिजे. गणपतीत पाठवलेलं पुढच्या वर्षासाठीच. पुस्तकांसाठी ज्योत्स्ना, रोहन यांच्यासारखे प्रकाशक, नॅशनल बुक ट्रस्ट, आणि अनेक भाषांत चित्रपुस्तकं काढणारी चेन्नईची तूलिका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात, चित्रपुस्तकाचा मजकूर किती कमी असतो हे कळायला तेवढं पुरे.

पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची किमान पाच पुस्तकं वाचा. विकत घ्यायलाच हवीत असं नाही; आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे, त्याचं सभासद व्हा.

फाइल कशी पाठवू?

युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याच्या संगणकावर चिन्हांचा गोंधळ होऊन उघडते आणि तशीच बंद होते. साधी वर्ड फाइल, पानांना क्रमांक, पहिल्या पानावर नाव, फोन, शब्दसंख्या. रंगीत अक्षरं आणि फुलाफुलांच्या चौकटी नकोत.

एआयने लिहून घेतलं तर?

एजंट आता थेट विचारतात आणि बऱ्याच जणांना ते नको असतं. खोटं सांगून करार केलात तर जबाबदारी तुमची. शिवाय अंगणात बसून गारा मोजणारे आजोबा तुम्हीच पाहिलेले असतात.

माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने कादंबरी लिहिली आहे. तिच्या नावाने पाठवता येईल?

येईल, आणि पत्रात तिचं वय लिहायला हरकत नाही, पण सवलत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही, त्यामुळे सही पालकाची लागेल. पत्र मात्र तिला लिहू द्या. तुम्ही फक्त पत्ता आणि जोडलेली फाइल तपासा. आणि पाठवण्याआधी तिच्या बाडातली वाक्यं 'सुधारून' देऊ नका. मागे एका बाबांनी मुलीच्या कादंबरीतली 'भारी' सगळीकडे खोडून 'अप्रतिम' केली होती. आम्ही दोघांनी बसून ती एकेक परत 'भारी' केली, दुपार गेली त्यात.